हातोडीवरून नजर हटली तेव्हा

हॅमरहेड शार्कचं हातोडीसारखं डोकंच असं, की बाकीच्या अंगाकडे लक्ष जाऊ नये. १७५८ मध्ये लिनियसने या कुळातल्या एका मुशीला ‘झायगीना’ म्हटलं. त्या शब्दाच्या मुळाशी बैलाच्या मानेवरचं जू आहे. तेव्हापासून पहिला प्रश्न ठरलेलाच: असलं डोकं कशासाठी? गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांचं संशोधन पुन्हा चाळताना मला मात्र वाटतं, की या प्रश्नाने माणसांना पाण्यात उतरवलं खरं, पण घबाड सापडलं ते डोकं सोडून भलतीकडेच.

मेक्सिकोत ला पाझजवळ, कॅलिफोर्नियाच्या आखातात, पाण्याखाली एक डोंगर आहे: एल बाहो एस्पिरितू सांतो. १९७९च्या सुमारास शार्कचे अभ्यासक पीटर क्लिमली तिथे बुड्या मारू लागले. शेकडो हॅमरहेड दिवसभर त्या डोंगराभोवती संथ घिरट्या घालत. पाठीला हवेची टाकी लावली की बुडबुड्यांनी मासे बुजायचे. म्हणून हा गडी नुसता छातीत दम भरून थेट कळपात शिरायचा आणि हातातल्या काठीने त्यांच्या पाठीवर रंगीत खुणा टोचून वर यायचा. लांबी मोजायला जोडकॅमेरे होते. कळपात माद्यांचाच भरणा निघाला, आणि मानपानही दिसला. मधली जागा थोरल्यांची. धाकटी आत घुसलीच, तर थोरली मळसूत्रासारखी गिरकी घेऊन तिला ठोसरायची आणि कडेला पिटाळायची. नर येत ते तडक मधोमध, थोरल्या माद्यांकडे.

रात्री कळप फुटायचा, जो तो एकटा खुल्या समुद्रात जायचा आणि उजाडेपर्यंत त्याच डोंगरावर परतायचा. अंधारात वाट कशी सापडते? तळाच्या खडकांमधल्या चुंबकत्वाचे चढउतार हीच यांची पायवाट असावी, असं क्लिमलींनी १९९३ मध्ये मांडलं. त्याला मोठा आधार मिळाला २०२१ मध्ये, तोही बॉनेटहेड या छोट्या भावंडाकडून. टाकीभोवती विजेच्या तारा गुंडाळून शेकडो किलोमीटर दक्षिणेचं चुंबकीय क्षेत्र निर्माण केलं, तर हे मासे घराच्या दिशेने, म्हणजे उत्तरेकडे, तोंड करून पोहू लागले.

डोक्याच्या कोड्याची उत्तरं मात्र अर्धीमुर्धीच आली. डोकं म्हणजे विमानाचा पंख, ते माशाला वर उचलतं, ही लाडकी कल्पना संगणकावरच्या प्रवाहगणिताने २०२० मध्ये बरीच खोटी ठरवली: सरळ पोहताना उचल जवळजवळ नाही, उलट पाण्याचा अडथळा भरपूर. वळायला मदत होते, एवढं खरं. भक्ष्याच्या अंगातली वीज हुंगण्याबाबत २००२ मध्ये हवाईत हॅमरहेडची पिल्लं साध्या सँडबार शार्कशेजारी तपासली. संवेदना दोघांची सारखीच तीक्ष्ण निघाली. हातोडीवाल्याचा तळ चाचपण्याचा झाडू तेवढा रुंद. डोळ्यांचा गैरसमज २००९ मध्ये फिटला. डोळे दोन टोकांना, म्हणजे समोरचं दिसत नसणार, असं मानलं जाई. प्रत्यक्षात दोन्ही डोळ्यांचं सामाईक क्षेत्र स्कॅलप्ड हॅमरहेडमध्ये ३२ अंश भरलं, सर्वांत रुंद डोक्याच्या विंगहेडमध्ये ४८. आणि बहामात जे दिसलं त्याला तर सिद्धांताची गरजच नाही: ‘मोठा हॅमरहेड’ या जातीच्या माशाने पळणारं पाकट डोक्याने वाळूत दाबून धरलं आणि जागच्या जागी फिरून त्याचे पंख कुरतडले.

आता बाकीचं अंग. अमेरिकेत ओमाहाच्या प्राणिसंग्रहालयात २००१ मध्ये नर नसलेल्या टाकीत बॉनेटहेडचं पिल्लू जन्मलं. बिचाऱ्याला टाकीतल्याच पाकटाने मारलं, पण त्याच्या जनुकांत बाप नव्हता, हे २००७ मध्ये जाहीर झालं. २०१६ मध्ये कळलं, की मोठा हॅमरहेड बराच वेळ कुशीवर कलून पोहतो; त्याचा उंच पाठपर आडव्या पंखाचं काम करतो आणि शक्ती वाचते. २०१८ मध्ये बॉनेटहेड समुद्री गवत नुसतं गिळत नाही, पचवतोही, हे दिसलं. शार्क आणि शाकाहार!

माझ्या मते सगळ्यांवर कडी केली २०२३च्या निष्कर्षाने. हवाईचे स्कॅलप्ड हॅमरहेड रात्री ८०० मीटरहून खोल उतरतात, २६ अंशांच्या पाण्यातून ५ अंशांच्या पाण्यात. कल्ले उघडे ठेवले तर रक्त तिथेच गार पडेल. पण स्नायूंचं तापमान हलत नव्हतं. ते घसरलं परतीच्या वाटेवर, कोमट पाण्याजवळ आल्यावर. म्हणजे मासा कल्ले मिटून, दम रोखून जातो, आणि वर येताना श्वास घेतो. टांझानियाजवळ हजार मीटरखाली टिपलेल्या चित्रफितीत मिटलेले कल्ले आधीच दिसले होते.

संशोधनाच्या याच काळात मासे मात्र ओसरले. एल बाहोवरचे ते कळप राहिले नाहीत. पराच्या सूपने ही कुळी खाल्ली: २०१३ मध्ये बँकॉकला हॅमरहेडच्या तीन जातींच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध ठरले, २०१५ मध्ये भारताने शार्कच्या परांची निर्यात बंद केली, २०१९ मध्ये स्कॅलप्ड आणि मोठा हॅमरहेड ‘अतिसंकटग्रस्त’ यादीत गेले.

आपल्याकडे जाळ्यात आलेल्या लहान मुशीचे तुकडे पडले, मोरी म्हणून तिचं कालवण झालं, की कुठली होती ते कळायला डोकं उरत नाही. बंदरावर परांची पोती तपासणाऱ्याकडेही डोकं नसतं. तो बघतो उंच, अरुंद, मळकट तपकिरी पाठपर; तोच, ज्यावर मोठा हॅमरहेड कलून पोहतो.