टाळूची शिवण

जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांमागे टेकवा आणि हळूहळू मागे न्या. आधी खडबडीत वळ्या लागतात, मग गुळगुळीत घुमट, आणि बरोबर मधोमध एक पुसटशी रेघ. त्या रेघेखाली सांधा आहे. वरचा जबडा एकसंध वाटला तरी तो डावा आणि उजवा अशा दोन हाडांचा असतो. आईच्या पोटात, सहाव्या ते बाराव्या आठवड्यांच्या दरम्यान, टाळूचे दोन पडदे दोन्हीकडून येऊन जुळतात. हाडांमध्ये मात्र शिवण राहते, आणि ती जन्मानंतरही कितीतरी वर्षं पक्की होत नाही. दातांना तारा लावणं हा माझा व्यवसाय. पण जीव जडलाय तो दातांवर नव्हे, या शिवणीवर.

कारण ती उसवता येते. आणि ही गोष्ट पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आली, ती हकीकत मी भेटेल त्याला ऐकवत असतो. सॅन फ्रान्सिस्कोतले दंतवैद्य इमर्सन एंजेल यांच्याकडे साडेचौदा वर्षांची एक मुलगी आली. वरच्या दातांना जागा नव्हती. एंजेलनी तिच्या टाळूत एक आडवा स्क्रू बसवला, दोन्ही टोकं दोन्हीकडच्या दाढांपुढच्या दातांना टेकवली, आणि स्क्रू फिरवायची चावी तिच्याच हाती दिली. दोन आठवड्यांत जबडा पाव इंच रुंदावला आणि वरच्या पटाशीच्या दोन दातांमध्ये फट पडली. त्यांनी हे १८६० साली छापून प्रसिद्ध केलं.

आता यातली गंमत बघा. पटाशीच्या त्या दोन दातांना यंत्राचा स्पर्शही नव्हता. तरी ते एकमेकांपासून दूर गेले. याचा अर्थ एकच निघतो, की ज्या हाडांत ते रोवलेले होते ती हाडंच सरकली. एंजेलनी तोच अर्थ काढला. राँटगेनचा क्ष-किरण यायला अजून पस्तीस वर्षं होती. हातात पुरावा म्हणून होती ती फक्त एक फट. ‘डेंटल कॉसमॉस’ या तेव्हाच्या वजनदार मासिकाचे एक संपादक मॅकक्विलन यांनी या दाव्यावर शंका घेतली. जबड्याची दोन हाडं एका स्क्रूने, तेही एका पोरीने स्वतः फिरवलेल्या स्क्रूने, अलग होतील हे त्यांच्या पचनी पडेना. त्यांचा अविश्वास मी समजू शकतो. आजही पालकांना पहिल्यांदा सांगतो तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर तोच मॅकक्विलन दिसतो.

पुढे एडवर्ड अँगल नावाचा खरोखरच मोठा माणूस आला (एंजेल वेगळे, अँगल वेगळे, माझे विद्यार्थी परीक्षेत हमखास गोंधळ घालतात). दात योग्य जागी आणले की हाड आपोआप वाढतं, अशी त्याच्या पंथाची धारणा होती. मग हाड फाकवायची गरजच काय? अमेरिकेत स्क्रू अडगळीत गेला, युरोपात मात्र तो टिकला. १९६१मध्ये अँड्र्यू हास यांनी आधी डुकरांवरचे प्रयोग आणि मग रुग्णांवरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा कुठे अमेरिकेने तो पुन्हा झटकून वापरायला काढला. एंजेलच्या लेखानंतर एकशे एक वर्षांनी!

हे होतं कसं, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. दात हलवायचा तर काही ग्रॅमांचा, मंद आणि सततचा दाब पुरतो. दाताभोवतीचं हाड एका बाजूला झिजतं, दुसऱ्या बाजूला भरतं, आणि याला आठवडे लागतात. स्क्रूच्या एका फिरकीला आयझॅकसन आणि सहकाऱ्यांनी १९६४मध्ये मोजलेला दाब ३ ते १० पौंड होता. एवढ्या जोराने आणि एवढ्या घाईने ढकललं की दातांना सरकायला वेळच मिळत नाही. सगळा जोर जबड्यावर जातो आणि शिवण उघडते. म्हणजे इथे घाई हीच युक्ती. हाडं दूर गेली की मधल्या पोकळीत नवं हाड भरतं. हात-पाय लांब करणारे रशियाचे इलिझारोव्ह याच तत्त्वावर पुढे जगप्रसिद्ध झाले. त्यांची गती दिवसाला एक मिलिमीटर, आमची अर्धा.

अर्धा मिलिमीटर म्हणजे सकाळी पाव फिरकी, रात्री पाव फिरकी. मूल आईच्या मांडीवर डोकं ठेवून आ करतं, बाबा मोबाइलचा उजेड धरतात, आई स्क्रूच्या भोकात चावी घालून पुढून मागे, घशाच्या दिशेने, अडेपर्यंत नेते. चावीला दोरा बांधून तो बोटाला गुंडाळायचा, ही माझी सक्त ताकीद. सुटलेली चावी पोटात जाऊ शकते. फिरवल्यावर काही मिनिटं नाकाच्या मुळाशी, डोळ्यांच्या मध्ये दाब जाणवतो. दाताच्या उपचाराने नाक का दुखतं, असं मुलं विचारतात. उत्तर सोपं आहे. तोंडाचं छप्पर हीच नाकाची जमीन.

पहिल्या आठवड्यात लाळ गळते, ‘स’ आणि ‘ट’ बोबडे होतात. दहा दिवसांत जीभ नवी वाट शोधते. खरा दंगा होतो फट पडल्यावर. एका आजीबाईंनी नातवाला हाताला धरून थेट माझ्या खुर्चीसमोर उभं केलं होतं. “अहो डॉक्टर, दात चांगले होते हो पोराचे. जुळवायला आणला, तुम्ही फोडून ठेवलेत!” मी म्हटलं, “आजी, हीच फट हवी होती मला. पडली नसती तर काळजी.” त्यांना ते अर्थातच पटलं नाही. हिरड्यांतले ताणलेले तंतू काही महिन्यांत ते दोन दात आपोआप जवळ आणतात, तेव्हा आजींनी त्याचं श्रेय गणपतीला दिलं. माझी हरकत नाही.

आणि दिवाळी! वर्षातला माझा सर्वांत धास्तीचा आठवडा. अनारशाचा चिकट गूळ, कडक शंकरपाळं, चिवड्यातले खोबऱ्याचे काप: टाळू आणि यंत्र यांच्या मधल्या फटीत अडकण्यासाठीच जणू यांचा जन्म. मी बंदी घालत नाही. चिवड्यातले पोहे खा, दाणे आणि खोबरं वेचून बाबांना द्या, चकली मोडून दाढेखाली न्या, आणि नंतर पाण्याची जोरदार चूळ.

यंत्राच्या प्रकारांबद्दल थोडक्यात. हासच्या यंत्राला टाळूवर टेकणारी प्लास्टिकची गादी असते, हायरॅक्सला नसते, त्यामुळे ते स्वच्छ राहतं. क्वाड हेलिक्स ही चार वेटोळ्यांची स्प्रिंग, तिला चावी लागत नाही. काढता-घालता येणारी प्लेट मूल खिशात ठेवतं, म्हणून ती मला आवडत नाही. हवी तेवढी रुंदी मिळाली की स्क्रू बंद करून यंत्र तीन ते सहा महिने तसंच ठेवतात, नवं हाड घट्ट होईपर्यंत. जन्मतः टाळू दुभंगलेल्या मुलांमध्ये हिरडीत हाड भरण्याच्या शस्त्रक्रियेआधी हेच काम वेगळ्या बेताने करावं लागतं. तो स्वतंत्र लेखाचा विषय.

मुळात जबडा अरुंद का होतो? आनुवंशिकता आहेच. अंगठा चोखण्याची सवय आहे. आणि तोंडाने श्वास घेणं आहे: तोंड उघडं राहिलं की जीभ खाली पडते, टाळूला आतून मिळणारा तिचा आधार जातो, बाहेरून गालांचा दाब मात्र चालूच राहतो. एगिल हार्व्होल्ड यांनी माकडांच्या नाकपुड्या बुजवून त्यांचे जबडे बदलताना पाहिले. प्रयोग क्रूर होता, पण मुद्दा सिद्ध झाला. मला अधिक भावतं ते रॉबर्ट कोरुचिनी या मानववंशशास्त्रज्ञाचं काम, कारण ते आपल्याच देशातलं. १९८०च्या दशकात त्यांनी उत्तर भारतातल्या ग्रामीण आणि शहरी तरुणांचे दात तपासले. वेडेवाकडे दात शहरात जास्त निघाले. मऊ अन्नाने जबड्याला व्यायाम मिळत नाही, असं त्यांचं म्हणणं. सगळ्यांना ते मान्य नाही. मला बरंचसं पटतं.

आता थोडं कटू बोलतो. टाळू रुंदावली की नाकाची जमीनही रुंदावते, हे खरं. रोममध्ये पिरेल्ली आणि सहकाऱ्यांनी झोपेत श्वास अडकणाऱ्या ३१ मुलांवर हा उपचार केला आणि २००४मध्ये उत्तम निकाल प्रसिद्ध केले. त्याआधी १९९०मध्ये इंग्लंडच्या टिम्स यांनी तर अंथरूण ओलं करणाऱ्या दहा मुलांची हकीकत लिहिली, की टाळू रुंदावल्यावर सवय सुटली. असलं वाचून मी हरखून जातो. पण दहा मुलं म्हणजे दहाच मुलं. यावरून घोरणं, अभ्यासातलं दुर्लक्ष, चिडचिड अशा सगळ्यांवर हाच स्क्रू उतारा म्हणून विकला जातो, ते मला मान्य नाही. मूल घोरत असेल तर आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून अ‍ॅडेनॉइड आणि टॉन्सिल तपासून घ्या. जबडा अरुंदच नसेल तर तो रुंदावून काय साधणार?

राहिला वयाचा प्रश्न, तो रोज विचारला जातो. एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचना विभागात मी लहान मुलाची आणि प्रौढाची कवटी शेजारी ठेवून तासन्‌तास पाहिली आहे. तिथले सेवक मला वेडा समजतात. मुलाच्या टाळूतली शिवण जवळजवळ सरळ, प्रौढाची बोटांत बोटं घट्ट गुंतवल्यासारखी. डेन्मार्कच्या बिर्टे मेल्सेन यांनी १९७५मध्ये शून्य ते अठरा वयाच्या मृतांच्या ऊतींमधून हा बदल टप्प्याटप्प्याने दाखवला. म्हणून पक्क्या दाढा आल्यापासून वयात येईपर्यंतचा काळ सोपा. त्यानंतर जोर वाढतो, यश घटतं, आणि हाडाऐवजी दातच बाहेर कलंडतात.

पण जन्मतारखेवर फार विसंबू नका. पर्सन आणि थिलांडर यांना १९७७मध्ये पंधराव्या वर्षीच सांधा जुळू लागलेली मुलगी सापडली आणि सत्ताविसाव्या वर्षीही न जुळलेली बाई सापडली. म्हणून आता त्रिमितीय स्कॅनवर शिवणीच्या ए ते ई अशा पाच अवस्था बघतात. ही वर्गवारी २०१३ सालची. सांधा अजून थोडा मोकळा असेल तर टाळूच्या हाडात बारीक स्क्रू रोवून त्यांच्या आधाराने तो उघडता येतो. पूर्ण मिटला असेल तर शस्त्रक्रियेने हाड सैल करावं लागतं. मुलाला घेऊन आलेली आई हळूच विचारते, “डॉक्टर, माझंही होईल का हो?” मग मी आधी तिचा स्कॅन काढायला सांगतो.