एका पाळीला एक समन

‘ब्लू-आइज व्हाइट ड्रॅगन’ हा पत्ता हातात आला की नवख्या खेळाडूचा चेहरा खुलतो. ॲटॅक ३०००, डिफेन्स २५००, माथ्यावर आठ तारे. पण पत्ता हातातच राहतो. तो मैदानात उतरवायचा तर आपले दोन राक्षस आधीपासून तिथं उभे हवेत, आणि त्या दोघांचा बळी द्यायची तयारी हवी. हिवरखेडला आमच्या ओट्यावर सुट्टीला आलेल्या भाच्यानं हा नियम एका वाक्यात सांगितला होता : “मामा, याले बलावाले दोन जीव द्या लागतेत.” पुढं ‘यू-गी-ओ!’ या जपानी खेळाचं नियमपुस्तक वाचायला घेतलं, तेव्हा लक्षात आलं की त्यातली पानंच्या पानं याच वाक्याचा विस्तार आहेत. राक्षस किती बलवान, हा या खेळातला दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न असा, की तो कोणत्या वाटेनं आला आणि त्यासाठी काय मोजलं.

आपल्याकडच्या पत्त्यांत हा प्रश्न उद्भवतच नाही. मेंढीकोटात हाती आलेला एक्का टाकायला काही मोजावं लागत नाही; उतारीचा रंग असेल तर तो द्यायचा, एवढंच बंधन. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात १२० गोल पत्ते असतात. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा. दिवसा डाव मांडला तर रामाचा राजा ज्याच्याकडं त्याची पहिली उतारी, रात्री मांडला तर कृष्णाच्या राजाची. कोण आधी उतरणार हे सूर्यावर ठरवणारा हा नियम मला फार सुंदर वाटतो. तरीही राजा तिथं जन्मतःच राजा असतो. त्याला उतरवण्यासाठी आधी कोणाला तरी गमवावं लागत नाही.

उतरण्याला किंमत लावण्याची कल्पना रुजली ती १९९३ मध्ये. रिचर्ड गारफिल्ड या अमेरिकी गणितज्ञानं ‘मॅजिक : द गॅदरिंग’ काढला आणि पत्त्यांचा एकच सामाईक जोड सगळ्यांनी पिसायचा ही जुनी रीत मोडली. इथं ज्यानं त्यानं आपला डेक पत्ते गोळा करून, अदलाबदल करून स्वतः बांधायचा. पण मग जो तो सगळ्यात दांडगे पत्तेच भरणार. त्यावर गारफिल्डनं तोड काढली ती जमिनीची. जमिनीचे पत्ते दर पाळीला एक असे मांडत जायचे, त्यांतून ‘माना’ नावाचं बळ मिळवायचं आणि ते खर्चून प्राणी उतरवायचे. मोठा प्राणी उशिरा येतो, कारण तेवढी जमीन जमायला वेळ लागतो.

ताकाहाशी काझुकी यांची ‘यू-गी-ओ!’ ही चित्रकथा १९९६ मध्ये ‘शोनेन जंप’ या जपानी साप्ताहिकात सुरू झाली. तिच्यात नाना प्रकारचे खेळ येत. त्यातला एक पत्त्यांचा खेळ ‘मॅजिक’वरून सुचलेला होता आणि वाचकांनी तोच उचलून धरला. कोनामी कंपनीनं १९९९ मध्ये तो जपानात प्रत्यक्ष बाजारात आणला, २००२ मध्ये इंग्रजीत आला, आणि मार्च २०११ पर्यंत त्याचे २५०० कोटींहून जास्त पत्ते विकले गेल्याची नोंद गिनीजनं केली. या खेळात जमीन नाही, माना नाही. चाळीस ते साठ पत्त्यांचा डेक, सुरुवातीला हातात पाच पत्ते, प्रत्येकाचे ८००० लाइफ पॉइंट. पहिल्याच पाळीला हातातलं सगळं मांडायला कोणाचीच आडकाठी नसती, तर डाव सुरू होताच संपला असता. त्याला आवरून धरलं ते एका ओळीच्या नियमानं : एका पाळीला एकच नॉर्मल समन, म्हणजे हातातला राक्षस रीतसर उतरवण्याचा एकच हक्क.

चार ताऱ्यांपर्यंतचा राक्षस या हक्कात फुकट उतरतो. पाच किंवा सहा ताऱ्यांच्या राक्षसासाठी एकाचा बळी, सात आणि त्यापुढं दोघांचा. पत्ता उलटा, आडवा ठेवून लपवला तरी तो हक्क वापरला गेलाच. आणि न वापरलेला हक्क पुढच्या पाळीत जमा होत नाही. तेल्हारा तालुक्यात वानच्या कालव्याच्या पाण्याची पाळी ज्यानं चुकवली असेल, त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

चित्रकथेत सुरुवातीला हा बळीचा नियम नव्हताच. पात्रं हवा तो राक्षस हवा तेव्हा उतरवत. गोष्टीत ते शोभतं, कारण तिथं लेखक सांभाळून घेतो. खऱ्या खेळात सांभाळून घेणारा कोणी नसतो. पुढं ‘बॅटल सिटी’च्या प्रकरणात बळीचा नियम कथेतही आला, आणि माझ्या मते कथेला धार आली ती तिथूनच. आता मोठा राक्षस येणार हे दोन पाळ्या आधी दिसू लागलं. समोरचा दोन लहानगे जपून ठेवतोय म्हणजे काहीतरी शिजतंय, हे ओळखायला पोरं शिकली. लपवलेला पत्ता पुढच्या पाळीत सरळ करून उठवता येतो, तो फ्लिप समन. त्याला नॉर्मल समनचा हक्क खर्ची पडत नाही, पण ‘ट्रॅप होल’ नावाचा सापळा दोन्हींवर चालतो. नॉर्मल किंवा फ्लिप समननं आलेल्या राक्षसाचा ॲटॅक १००० किंवा जास्त असला की तो खड्ड्यात गेला. स्पेशल समननं आलेल्याला मात्र ‘ट्रॅप होल’ काही करू शकत नाही.

हे स्पेशल समन म्हणजे या खेळातला दुसरा दरवाजा, आणि त्याला आकड्याची मर्यादाच नाही. पत्त्यावर तसं लिहिलेलं असेल तर एका पाळीत कितीही वेळा करा. ‘सायबर ड्रॅगन’ पाच ताऱ्यांचा, म्हणजे रीतसर एक बळी लागणारा. पण समोरच्याकडं राक्षस असेल आणि तुमच्याकडं एकही नसेल, तर तो हातातून थेट उतरतो, २१०० चा ॲटॅक घेऊन. पिछाडीवर असलेल्यालाच मिळणारी ही सवलत मला न्यायाची वाटते. फ्यूजन आणि रिचुअल हे जुने दोन मार्ग. पहिल्यात ‘पॉलिमरायझेशन’च्या पत्त्यानं ठरलेले राक्षस एकत्र करायचे, तीन ‘ब्लू-आइज’ मिळून ४५०० ॲटॅकचा तीन डोक्यांचा ड्रॅगन होतो. दुसऱ्यात विधीचा पत्ता आणि ताऱ्यांच्या हिशेबानं बळी. दोन्हींत हात लवकर रिकामा होतो.

२००८ मध्ये सिंक्रो आलं, आणि सगळ्या मार्गांत माझा जीव याच्यावर. मूळ डेकखेरीज पंधरापर्यंत पत्त्यांचा एक्स्ट्रा डेक बाजूला ठेवलेला असतो. ‘ट्यूनर’ जातीचा एक राक्षस आणि बिगर-ट्यूनर एक किंवा अनेक, यांच्या ताऱ्यांची बेरीज जितकी, बरोबर तितक्याच ताऱ्यांचा सिंक्रो राक्षस त्यातून उतरतो. एक कमी चालत नाही, एक जास्त चालत नाही. चौथीतलं पोरगं जी बेरीज करतं, तिच्यावर हा सगळा डोलारा उभा आहे.

आमच्या भागात हे पत्ते दुकानात मिळत नाहीत. ज्यांना खेळायचंय ते मोबाइलवर खेळतात; २०१७ पासून ‘ड्युएल लिंक्स’ आहे, २०२२ पासून ‘मास्टर ड्युएल’. भाच्याकडं खरे पत्ते थोडे होते. उरलेले त्यानं जुन्या लग्नपत्रिकांचे जाड कागद कापून, त्यावर इंग्रजी मजकूर पेनानं उतरवून केले होते. स्पर्धेत असले पत्ते चालणार नाहीत, ओट्यावर चालतात. आणि पेनानं उतरवताना त्या पोराचा मजकूर शब्द न् शब्द पाठ झाला. या खेळात ‘शकतो’ आणि ‘होतो’ यांत डाव जिंकण्याहरण्याचा फरक असतो; एवढ्या काळजीनं वाचायची सवय लावणारं दुसरं काही मला या वयाच्या पोरांच्या हाती दिसलेलं नाही.

त्या दुपारी शेजारच्या पोरानं दोन बळी देऊन ‘ब्लू-आइज’ उभा केला होता. भाच्याचं मैदान रिकामं. त्याच्या स्मशानात, म्हणजे बाद पत्त्यांच्या ढिगात, दोन ताऱ्यांचा ‘स्पीड वॉरियर’ पडलेला, ॲटॅक ९००. त्यानं हातातला ‘जंक सिंक्रॉन’ उतरवला : तीन ताऱ्यांचा ट्यूनर, ॲटॅक १३००. त्या पाळीचा नॉर्मल समनचा हक्क तिथंच संपला. पण ‘जंक सिंक्रॉन’ नॉर्मल समननं आला की स्मशानातला दोन किंवा कमी ताऱ्यांचा एक राक्षस परत आणतो, तेव्हा ‘स्पीड वॉरियर’ आडवा येऊन बसला. स्मशानातून आपल्याकडं कोणी आलं की ‘डॉपलवॉरियर’ हातातून उतरू शकतो. तोही दोन ताऱ्यांचा, तोही आला. समोरच्यानं ‘जंक सिंक्रॉन’ उतरताच ‘ट्रॅप होल’ उघडला असता, तर ‘स्पीड वॉरियर’ परत आलाच असता, पण ट्यूनर गेल्यावर सिंक्रोची बेरीज कशाशी करणार? सापळा उघडला नाही. भाच्यानं ‘जंक सिंक्रॉन’चे तीन आणि ‘डॉपलवॉरियर’चे दोन मिळवले, दोघांना स्मशानात धाडलं आणि एक्स्ट्रा डेकमधून पाच ताऱ्यांचा ‘जंक वॉरियर’ काढला. त्याचा मूळ ॲटॅक २३००. सिंक्रो समन होताच आपल्याकडच्या दोन किंवा कमी ताऱ्यांच्या सगळ्यांचा ॲटॅक त्याला मिळतो.

इथं नियमांची खरी कारागिरी दिसते. ‘डॉपलवॉरियर’ सिंक्रोसाठी स्मशानात गेला की एका ताऱ्याची, ४०० ॲटॅकची दोन टोकनं मागं सोडू शकतो. आता ‘जंक वॉरियर’ची बेरीज आधी की टोकनं आधी? जो परिणाम सक्तीचा, तो साखळीत पहिला बसतो, ऐच्छिक त्याच्या पुढं. आणि साखळी उलट्या क्रमानं सुटते. म्हणजे टोकनं आधी येणार, बेरीज मागून होणार. २३०० अधिक ९०० अधिक ८००, बरोबर ४०००. तीन ताऱ्यांच्या एका समनमधून ‘ब्लू-आइज’हून हजारानं मोठा गडी उभा राहतो.

सिंक्रोनंतरचे मार्ग मी भराभर सांगतो, कारण माझं मन त्यांत तितकं रमत नाही. २०११ चं एक्सीझ : सारख्या ताऱ्यांचे राक्षस एकावर एक रचायचे आणि वर नवा ठेवायचा, खालचे पत्ते मग एकेक करून खर्चायचे. हे नेटकं आहे. २०१४ चं पेंड्युलम : दोन कडेचे पत्ते दोन आकडे देतात, त्यांच्या मधल्या ताऱ्यांचे राक्षस पाळीतून एकदा झुंडीनं उतरवायचे. इथं कोनामीचा हात जरा जास्तच सैल झाला. मग २०१७ मध्ये लिंक आलं आणि त्याच्याबरोबर आवळलेला नियम, की एक्स्ट्रा डेकमधून येणाऱ्यानं एका ठरलेल्या चौकोनातच उतरायचं, किंवा लिंक राक्षसाचा बाण दाखवेल त्या जागी. जुने सिंक्रोचे डेक त्यानं जायबंदी झाले. २०२० मध्ये फ्यूजन, सिंक्रो आणि एक्सीझ यांना त्यातून मोकळीक मिळाली. लिंकला आणि एक्स्ट्रा डेकमधून येणाऱ्या पेंड्युलमला ते बंधन अजून आहे. हा निर्णय योग्यच होता. पैसे घालून, डोकं लावून बांधलेला डेक नियमाच्या एका ओळीनं निकामी करणं बरं नव्हे.

मात्र दरवाजे वाढत गेले तसा एका पाळीत एक-दोन नव्हे, दहा-दहा राक्षस येऊ लागले. त्यावरचा उपाय मग पत्त्यांतच शोधावा लागला. ‘निबिरू, द प्रायमल बीइंग’ हा अकरा ताऱ्यांचा दगड. समोरच्यानं एका पाळीत पाच किंवा जास्त राक्षस समन केले, की मेन फेजमध्ये तो हातातून कोसळू शकतो. दोन्ही बाजूंचे सरळ ठेवलेले राक्षस जितके घेता येतील तितके बळी घेतो आणि ३००० ॲटॅक घेऊन स्वतः उभा राहतो. समोरच्याला त्या बळींच्या ताकदीचं एक टोकन देतो, तेवढीच भरपाई. एका पाळीला एक, या जुन्या बंधनाची जागा आता अशी पाचव्या समनच्या धाकानं घेतली आहे. आणि त्या धाकासाठी पत्ता खरोखर हातात असण्याचीही गरज नसते.

भाचा टोकनांपाशी अडला तो यामुळंच. ‘जंक सिंक्रॉन’ एक, ‘स्पीड वॉरियर’ दोन, ‘डॉपलवॉरियर’ तीन, ‘जंक वॉरियर’ चार. टोकनं आली की आकडा सहावर जाणार. समोरच्याच्या हातात तीन पत्ते होते.

“टोकन काहून नाई काढत?” मी विचारलं.

“काढले तं निबिरू येते. अन् पायजेत कायले? बत्तीसशे झाले न.”

झाले होते. २३०० अधिक ‘स्पीड वॉरियर’चे ९००. ‘जंक वॉरियर’नं ‘ब्लू-आइज’वर हल्ला केला, ड्रॅगन स्मशानात गेला, समोरच्याचे लाइफ पॉइंट ८००० वरून ७८०० झाले. भाच्यानं “पाळी तुही” म्हटलं आणि शेजारच्या पोरानं डेकवरचा पत्ता ओढला.