ठिपके हवेत की वजन?

डिचोलीतल्या परसात ठिपकेदार कोंबडा दिसला की त्याची पिल्लंही तशीच निघतील, असं वाटतं. काळ्या पिसांवर पांढरे ठिपके आणणारा गुण मात्र दबून राहणारा. तो आई-बाप दोघांकडून आला तरच उमटतो. म्हणून काळ्या कोंबडीपासून पहिली पिल्लं बहुधा काळीच निघतात. पण ठिपक्यांचा गुण त्यांच्या अंगात असतो. अशा माद्यांना दुसरा ठिपकेदार कोंबडा मिळाला, की सरासरी निम्मी पिल्लं ठिपकेदार. नर दुसऱ्या घरचा बरा, सख्ख्या नात्यात वीण खुरटते. ठिपके नीट कळायला पहिली पिसं झडू द्यावीत.

पट्ट्यांची गंमत वेगळी. पट्टेरी कोंबडी तो गुण देते फक्त नर पिल्लांना. लेकींना कधीच नाही.

आकारासाठी हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची रंगीबेरंगी ‘वनराजा’ आहे. हा संकर, त्यामुळे घरच्या पुढच्या पिढीत वजन एकसारखं राहत नाही. आणि ती क्वचितच खुडूक बसते. अंडी २१ दिवस उबवायला गावठीच लागते.

आपली खोड अशी, की सगळ्यात थोराड कोंबडा आधी शागोतीत जातो. वीण उरते किरकोळांची.