आंटीच्या परसातलं काळं डुक्कर

मी मांस घ्यायला गेले होते. डुकरं पाळणाऱ्या आंटीने मला आधी परसात नेलं. काणकोण तालुक्यातलं जुनं घर, मागे चिऱ्यांचा कमरेएवढा गडगा, आत फणसाखाली चार काळी डुकरं. एक चिखलात कुशीवर पसरलेलं. मी नाक मुरडलेलं तिने पाहिलं असावं. “घाण नाही ती, अंग थंड करतंय,” ती म्हणाली. खरंच आहे. डुकराला माणसासारखा घाम सुटत नाही. उन्हात चिखल किंवा पाणी मिळालं नाही, तर ते नुसतं धापा टाकत राहतं.

याच तालुक्यातल्या आगोंद गावावरून या गावठी जातीला नाव मिळालं. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोकडे ‘आगोंद गोवन’ अशी तिची नोंद आहे. फार्मवरची पांढरी यॉर्कशायर किंवा तिची संकरित पिल्लं भराभर वाढतात, अंगाने सडसडीत राहतात. हे काळं डुक्कर लहान चणीचं आणि सावकाश वाढणारं. घाईच्या धंद्याला ते परवडत नाही, म्हणून मागे पडलं.

पण गावठी म्हणजे मोकाट आणि मोकाट म्हणजे सुखी, हे गणित आंटीला मान्य नाही. गोव्यात एकेकाळी घरामागचे संडास डुकरंच साफ करत, हे ती लपवत नाही. अशा डुकराच्या पोटात माणसाच्या विष्ठेतून पट्टकृमीची अंडी जातात आणि मांसात तांदळाच्या दाण्याएवढ्या गाठी धरतात. मांस कच्चं राहिलं, तर खाणाऱ्याच्या आतड्यात कृमी वाढतो. त्या माणसाच्या विष्ठेतली अंडी कुणाच्या पोटात गेली, तर मेंदूत गाठी होऊन झटके येऊ शकतात. म्हणून गडगा. आत फिरायला, उकरायला, लोळायला जागा आहे, पण बाहेर तोंड घालायला वाट नाही.

खायला काय घालता, हा माझा पुढचा प्रश्न. तांदळाचा कोंडा, खोबऱ्याची पेंड, पेज, पडलेले फणस. मासळीची घाण मात्र नाही. गायी-म्हशींच्या पोटात चाऱ्यातल्या चरबीचं रूप बदलतं. डुक्कर जी चरबी खातं, ती बरीचशी तशीच अंगावर चढते. मागच्या वर्षी शहरातल्या एका दुकानातून आणलेल्या पोर्कला शिजताना बांगड्याचा वास का आला, ते मला त्या गडग्याशी उभं राहून कळलं. खोबऱ्याच्या पेंडीवर वाढलेल्या डुकराची चरबी पांढरी आणि घट्ट असते. बोटाने दाबली तर तेलकट होऊन पसरत नाही.

त्याच दुकानातलं मांस फिकट होतं आणि कढईत पाणी सोडत बसलं होतं. मारण्याआधी जनावर घाबरलं, धावपळ झाली, की मांस असं होऊ शकतं. आंटीकडे कापणारा पहाटे येतो. आदल्या रात्री डुकराला खायला नाही, पाणी मात्र असतं. पाठलाग नाही, आरडाओरड नाही. इतर तिघांच्या नजरेआड नेतात. मी ते पाहायला थांबले नाही, हेही सांगून टाकते.

मी खांद्याचं आणि पोटाकडचं मिळून एक किलो घेतलं, कातडीसकट. पाव किलो कलेजी आणि हृदय वेगळं. मला सोरपोतेल करायचं होतं; डुकराच्या मांसाच्या या गोवन पदार्थाला हे सगळं लागतं. मीठ घालून थोड्या पाण्यात अर्धवट उकडलं, पाणी राखून ठेवलं. गार झाल्यावर बोटाच्या पेराहून बारीक तुकडे केले. गरम असताना कापलं तर चरबी सुटून सुरीला चिकटते. कढईत तेल घातलंच नाही. आधी चरबीचे तुकडे टाकले, चरबी सुटल्यावर मांस, कलेजी शेवटी, नाहीतर ती रबरासारखी होते. सुक्या मिरच्या, जिरं, मिरी, लवंग, दालचिनी, हळद, आलं-लसूण सुरेच्या विनागरात, म्हणजे माडीच्या व्हिनेगरात, वाटलं. कांदा परतून मसाला घातला, राखलेलं पाणी ओतलं आणि मांस पुरतं शिजेपर्यंत मंद आच ठेवली. सणाला रक्तही घालतात. मी घातलं नाही.

त्या संध्याकाळी आंटीला फोन केला: चव जरा टोचते, विनागर जास्त झालं का? ती हसली. “आयज न्हय,” म्हणाली. आज खायचं नाही. रोज एकदा उकळी आणायची आणि झाकून ठेवायचं. दुसऱ्या दिवशी आंबटपणा मवाळ झाला. तिसऱ्या दिवशी वर लालसर चरबीचा थर धरला, खाली प्रत्येक तुकड्यात मसाला मुरला होता. सान्नांबरोबर, म्हणजे तांदळाच्या मऊ इडल्यांबरोबर खाल्लं. दोन वाट्यांत पोट भरलं. त्याहून जास्त खाववत नाही, आणि खावंसंही वाटत नाही.

नववर्षासाठी आणखी दोन किलो मागितलं. आंटी म्हणाली, उरलेली तिघं अजून लहान आहेत. ईस्टरला विचार.