रॉक संगीत आणि स्वभाषेचे सामर्थ्य

नव्या ध्वनिमुद्रिकेविषयी श्रोत्यांनी प्रारंभी दिलेला कौल आणि तिचे खरे मोल यांत पुष्कळदा मोठे अंतर पडते. बाजारपेठ आजची मागणी मोजते. परंतु एखाद्या कलाकृतीमुळे उद्याची अभिरुचीच बदलणार असेल, तर ते मोजण्याचे माप बाजारपेठेजवळ नसते. 'हॅपी एंड' या जपानी रॉक वाद्यवृंदाची 'काझेमाची रोमान' ही ध्वनिमुद्रिका या दृष्टीने विचारात घेण्यासारखी आहे. नोव्हेंबर १९७१ मध्ये ती निघाली तेव्हा तिचा खप बेताचाच होता. पुढे २००७ साली 'रोलिंग स्टोन' नियतकालिकाच्या जपानी आवृत्तीने जपानी रॉकमधील शंभर श्रेष्ठ ध्वनिमुद्रिकांची यादी केली, तेव्हा पहिले स्थान हिलाच मिळाले.

त्या काळी जपानमध्ये एक वाद रंगला होता. रॉक संगीत जपानी भाषेत गाता येईल काय, हा तो वाद. गायक-निर्माते युया उचिदा यांचा आग्रह इंग्रजीचा होता. रॉकची घडणच इंग्रजीतून झाली आहे आणि जगाच्या बाजारात उतरायचे तर जगाला कळेल त्या भाषेत गायले पाहिजे, असा या पक्षाचा रोख होता. अर्थशास्त्राच्या दृष्टीने हा युक्तिवाद पोकळ नव्हता. ध्वनिमुद्रणाचा खर्च एकदाच करावा लागतो. बाजार जितका विस्तृत, तितका तो लवकर भरून निघतो. उचिदा यांनी पुढे आणलेल्या 'फ्लॉवर ट्रॅव्हलिन बँड' या वृंदाने इंग्रजीत गाऊन कॅनडापर्यंत मजलही मारली.

'हॅपी एंड'ने नेमकी उलट वाट धरली. अडचण खरोखरीच होती. इंग्रजीत आघात असतो, व्यंजनान्त अक्षरे असतात आणि रॉकचा ठेका त्यांवर बेतलेला आहे. जपानीत मात्र बहुतेक अक्षरे स्वरान्त आणि समान कालावधीची असतात. मात्रावृत्ताशी परिचित असलेल्या मराठी वाचकाला हा भेद चटकन उमगेल. गीतकार व ढोलवादक ताकाशी मात्सुमोतो यांनी साध्या बोलीतील शब्द लिहिले. हारुओमी होसोनो आणि एइची ओताकी यांनी ते ओढूनताणून इंग्रजी वळणाने न म्हणता, स्वर लांबवून, कोठे शब्द तोडून ठेक्यात बसविले. अखेरचे गाणे तर जपानी वर्णमालेचेच आहे. ज्या वर्णमालेचा क्रम बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत ध्वनिविचारातून आला, तिचा उच्चार रॉकच्या ध्वनिमुद्रिकेचा समारोप करतो. वादाला याहून समर्पक उत्तर कोणते असणार?

तथापि ही ध्वनिमुद्रिका केवळ भाषिक प्रयोग नव्हे. 'काझेमाची' म्हणजे वाऱ्याचे गाव. हे गाव कल्पित असले, तरी त्याच्या मागे १९६४ च्या ऑलिंपिकपूर्वीचे टोकियो उभे आहे. त्या ऑलिंपिकसाठी शहरात उन्नत रस्ते आले, जुन्या वस्त्या हलल्या. १९६७ ते १९७२ या काळात बहुतेक ट्रामगाड्याही बंद झाल्या. राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकड्यांत या घडामोडी वाढ म्हणून नोंदल्या जातात. नाहीशा झालेल्या गल्लीची वजाबाकी त्यांत होत नाही. ती या गाण्यांनी केली आहे. त्याच वर्षी डॉलरशी ३६० येनचा जुना स्थिर दर मोडला आणि डिसेंबरमध्ये ३०८ ठरला, हा योगायोगही अर्थपूर्ण आहे. जपानचे मोल जगाच्या बाजारात वाढत असताना त्या देशातील काही तरुण गमावलेल्याचा हिशेब मांडत होते.

दोष नाहीत असे नव्हे. गिटारच्या व समूहस्वरांच्या रचनेत 'बफेलो स्प्रिंगफील्ड' या अमेरिकी वृंदाची छाया दाट आहे. गतकाळाविषयीची हुरहूर कोठे कोठे हळवेपणाकडे झुकते; जुन्या वस्त्यांतील दाटीवाटी तीत फारशी दिसत नाही. परंतु पाश्चात्त्य थाटाच्या आंधळ्या अनुकरणाची चेष्टा करणारे गाणेही याच संचात आहे. स्वतःच्या अनुकरणाची जाणीव असलेला अनुकर्ता निव्वळ नक्कल करीत नाही, एवढे श्रेय त्यांना द्यावे लागेल.

हा वृंद १९७२ च्या अखेरीस विसर्जित झाला. परंतु मात्सुमोतो यांनी पुढे जपानी चित्रपटसृष्टीबाहेरील लोकप्रिय संगीतासाठी विपुल गीते लिहिली. होसोनो यांनी १९७८ मध्ये र्युइची साकामोतो व युकिहिरो ताकाहाशी यांच्यासह 'यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा' स्थापून जगभर श्रोते मिळविले. जपानीत गायिलेले 'काझे ओ आत्सुमेते' हे गीतही २००३ च्या 'लॉस्ट इन ट्रान्सलेशन' या अमेरिकी चित्रपटातून परदेशी पोहोचले. ज्या बाजारासाठी भाषा सोडावी असा सल्ला दिला जात होता, तो बाजार भाषा न सोडताही भेटला. मात्र त्याला तीन दशके लागली.

हा विलंब सोसण्याची सोय कोठून झाली, हेही ध्यानात घ्यावे. ही ध्वनिमुद्रिका काढणारी 'यू.आर.सी.' ही छोटी संस्था १९६९ मध्ये सभासदांना ध्वनिमुद्रिका पुरविणारे मंडळ म्हणून सुरू झाली होती. मोजक्या पण निष्ठावंत श्रोत्यांच्या वर्गणीवर अशी कामे उभी राहू शकतात. भाषेचे सामर्थ्य तिच्या व्याकरणात सुप्त असते हे खरे. पण ते प्रकट होण्यासाठी पदरमोड करणारा श्रोता लागतो. तो नसेल, तर भाषा असमर्थ असल्याचा निष्कर्ष काढण्याचा अधिकार कोणालाही उरत नाही.