मुक्त आज्ञावली आणि पोटापाण्याचा प्रश्न

शाळेच्या संगणकावर 'लिनक्स' किंवा 'लिबरऑफिस' दाखवले की एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, "हे सगळे फुकट, तर मग लिहिणारे खातात काय?" प्रश्न रास्त आहे. आधी शब्दांचा घोळ दूर करू. इंग्रजीतल्या 'फ्री' या शब्दाचे दोन अर्थ होतात. मराठीत त्यांसाठी 'फुकट' आणि 'मुक्त' असे वेगळे शब्द आहेत. मुक्त आज्ञावली म्हणजे जिचा मूळ मजकूर कोणालाही वाचता, बदलता व दुसऱ्याला देता येतो ती. तिच्यासाठी पैसे घेण्यास कोणतीही आडकाठी नसते.

अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतली नोकरी सोडून रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८४ साली 'ग्नू' प्रकल्पाचे काम सुरू केले. पुढच्याच वर्षी ते 'ईमॅक्स' या आपल्या आज्ञावलीच्या चुंबकीय फिती १५० डॉलरला विकू लागले. ज्यांच्याकडे इंटरनेट होते त्यांना तीच आज्ञावली फुकट उतरवून घेता येई. म्हणजे किंमत होती ती प्रत काढून पाठवण्याच्या श्रमाची.

पुढे प्रत काढणे जवळजवळ बिनखर्चाचे झाले. जाणकाराचा वेळ मात्र दुर्मीळच राहिला. पुरणपोळीची कृती सर्वांना ठाऊक असते, तरीही लग्नघरी आचारी बोलवावा लागतो व त्याला मजुरी द्यावी लागते. तसेच येथेही घडले. १९८९ साली स्थापन झालेली 'सिग्नस' ही कंपनी 'जीसीसी' हा मुक्त कंपायलर नवनव्या चिपांसाठी जुळवून देई. माणसाने लिहिलेल्या आज्ञा यंत्राच्या भाषेत बदलण्याचे काम कंपायलर करतो. पैसे चिप बनवणारे देत आणि झालेले काम सर्वांना खुले होई. 'रेड हॅट' ही कंपनी लिनक्सच्या तपासलेल्या आवृत्त्या, दुरुस्त्या व मदत यांसाठी वार्षिक वर्गणी घेते. आयबीएमने ती २०१९ साली ३४ अब्ज डॉलरला विकत घेतली. मुंबईची 'फ्रॅपे' कंपनी हिशेब व मालसाठा सांभाळणारी 'ईआरपीनेक्स्ट' ही मुक्त आज्ञावली बनवते आणि ती आपल्या संगणकांवर चालवून देण्याचे शुल्क घेते. लिनक्सच्या गाभ्यावर काम करणारेही बहुतेक जण आज इंटेल, गूगल यांसारख्या कंपन्यांचे पगारदार आहेत.

मग सारे आलबेल आहे का? नाही. गावच्या विहिरीचे पाणी सगळे भरतात, पण गाळ काढायची वेळ आली की माणसे मिळत नाहीत. इंटरनेटवरील व्यवहार गुप्त ठेवणारी 'ओपनएसएसएल' ही आज्ञावली जगभरच्या असंख्य संकेतस्थळांवर होती. एप्रिल २०१४ मध्ये तिच्यात 'हार्टब्लीड' नावाचा गंभीर दोष उघड झाला. त्यामुळे संगणकाच्या स्मृतीतली गुप्त माहिती परक्याला वाचता येत होती. तेव्हा या प्रकल्पावर पूर्णवेळ काम करणारा एकच प्रोग्रॅमर होता आणि देणग्या मिळत वर्षाला सुमारे २००० डॉलर! त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी एकत्र येऊन निधी उभारला.

यावरून काय दिसते? ज्या कामाला एखादे ठरावीक गिऱ्हाईक असते, त्याचे पैसे मिळतात. सर्वांच्या उपयोगाची देखभाल मात्र 'कोणीतरी करील' म्हणून मागे पडते. आपल्या विद्यार्थ्यांना या क्षेत्रात यायचे असेल तर दोष कळवणे, माहितीपुस्तिका सुधारणे, मराठी भाषांतर करणे अशा कामांपासून सुरुवात करता येईल. त्याचा मोबदला बहुधा मिळत नाही. परंतु काम सर्वांसमोर असल्याने नोकरी देणाऱ्याला ते प्रत्यक्ष पाहता येते. आणि वर्गात चर्चेसाठी एक प्रश्न जरूर ठेवावा : सर्वांच्या विहिरीचा गाळ काढणाऱ्याची मजुरी कोणी द्यावी?