रात्री नाक का चोंदतं?

महाबळेश्वर-पाचगणीच्या पावसाळी ओलीत गाद्या-गोधड्या आठवडेच्या आठवडे दमट राहतात. डोळ्यांना न दिसणाऱ्या धूळकिड्यांना हीच हवा मानवते. सांगलीच्या बाजारपेठेत हळदीची धूळ, आणि दोन्हीकडच्या बांधांवर गाजरगवत. या सगळ्यांमुळे नाकाला ॲलर्जी होऊ शकते.

ॲलर्जीची सर्दी रात्री बळावते, कारण आडवं झाल्यावर नाकातल्या रक्तवाहिन्या फुगतात, सूज आवरणारं कॉर्टिसॉल मध्यरात्रीच्या सुमारास अगदी कमी असतं, आणि चेहरा थेट उशीवर असतो.

म्हणून सुरुवात अंथरुणापासून. अभ्रे, चादरी दर आठवड्याला ६० अंशांच्या गरम पाण्यात धुवाव्यात. शेतातून किंवा बाजारातून आल्यावर झोपण्याआधी अंघोळ करावी. उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ घालून नाक धुतल्यानंही आराम पडतो. डॉक्टरांनी दिलेला स्टिरॉइड स्प्रे रोज घ्यावा लागतो. पूर्ण गुण यायला दोन आठवडेही लागतात, पण अनेक जण तो चार दिवसांत सोडून देतात, ही मोठी अडचण आहे.

दुकानातून आणलेले नाक मोकळं करणारे थेंब पाच दिवसांपलीकडे वापरू नयेत. नाक उलट जास्त चोंदतं. रात्री खोकला किंवा छातीत घरघर असेल, तर दम्याची तपासणी जरूर करून घ्यावी.